दाजींचं बॅनर

विरुपाक्ष हत्तरगे कागदोपत्री अंथरुणाला खिळलेला होता आणि प्रत्यक्षात उमरग्यात धोंडप्पा शेठच्या कापडदुकानात शर्टपीसच्या घड्या घालत होता. यात खोटं असं काहीच नव्हतं, हीच खरी अडचण. दुपारी चारनंतर त्याला अंथरूण हवंच असायचं, आणि घरी अंथरुणावर पडलं की वाटायचं, चार घड्या घातल्या तर बरं.

मुरुमजवळच्या सूतगिरणीत त्याची बावीस वर्षं गेली होती. रिंगफ्रेम खात्यात तो जॉबर होता, म्हणजे मशीन अडलं की सोडवायचं आणि बायामाणसांना कामाला लावायचं. तिथल्या हवेत रुईचे बारीक तंतू दिवसरात्र तरंगत असायचे. नाकाला फडकं बांधा अशी पाटी भिंतीवर होती. पण फडकं बांधून मशीनच्या गोंगाटात ओरडता येत नाही, आणि जॉबरचं निम्मं काम ओरडायचंच. विरुपाक्षाचा आवाज असा, की या टोकाला ओरडला तर त्या टोकाची बाई दचकून धागा सांधायची. बावीस वर्षं तो उघड्या तोंडानं ओरडला आणि बावीस वर्षांची रुई आत घेतली.

खोकला लागला तो राहीना. सोलापूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला, बराच वेळ बघितला आणि 'संपूर्ण विश्रांती' असं सर्टिफिकेट लिहून दिलं. रजेच्या पाच महिन्यांत विरुपाक्ष असा झडला, की सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसायला लागला. केस गेले, गाल गेले. मिशी आपली राहिली होती, तीही एके दिवशी खोकताना त्रास होतो म्हणून त्यानंच उतरवली.

त्याच पाच महिन्यांत गिरणी भाड्यानं दुसऱ्या कंपनीकडे गेली. नव्या लोकांना जुनी माणसं फार वाटू लागली. नोटीस लागली: एक तारखेला कपातीची यादी लागेल, यादीतल्यांना नोकरीच्या वर्षांप्रमाणे भरपाई मिळेल, मात्र रजेवर असताना दुसरीकडे काम करताना कुणी सापडला, तर त्याला बडतर्फ करण्यात येईल आणि काहीही मिळणार नाही. आजारी माणसाचं नाव यादीत असणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. जायचं हे ठरलेलंच होतं. भरपाई घेऊन जायचं की हात हलवत, एवढाच प्रश्न उरला होता. त्या भरपाईवर लेकीचं, महेश्वरीचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष अवलंबून होतं.

मग एवढे पंधरा दिवस गप्प पडून राहायचं की नाही? पण धोंडप्पा शेठला लग्नसराईची घाई.

"सोमवारपास्नं येत असाल तर या," शेठ म्हणाले. "बसून काम हाय, तुमाला झेपंल. पंधरा दिस थांबा म्हनत असाल तर माझी गादी काय थांबत न्हाय, दुसरा बघतो."

"जावा तुमी," बायको गौराबाई म्हणाली. "भरपाई एकदा मिळंल, पोटाला रोज लागतंय. आन उमरग्यात कोण बघतंय तुमाला?"

गौराबाई शहाणी बाई, पण इथं चुकली. लग्नाचा बस्ता बांधायला अख्खं मुरुम उमरग्यालाच जातं. पहिल्याच दिवशी गिरणीत सूत गुंडाळायच्या मशीनवर असलेला एक वाइंडर बायको, मुलगी, दोन मावश्या आणि होणारे व्याही असा लवाजमा घेऊन दुकानात शिरला. विरुपाक्ष टेपासकट ट्रायल रूममध्ये घुसला आणि पाऊण तास आरशासमोर तोंडात रुमाल कोंबून खोकला दाबत उभा राहिला. त्या पाऊण तासात त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. चोरी केली असती तरी इतकी वाटली नसती.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी तो काळीपिवळी जीपमध्ये बसला, जीप मुरुमच्या बसस्टँडला वळली, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. समोर दहा बाय आठचं बॅनर.

'आमचे लाडके दाजी, वीरूअण्णा हत्तरगे यांची उमरगा येथील नामांकित वस्त्रदालनात मॅनेजरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: अमरनाथ आणि मित्रपरिवार.'

मधोमध विरुपाक्षाचा फोटो होता. भगवा फेटा, भरलेले गाल, आकडेबाज मिशी, आणि जगाला विकत घ्यायला निघाल्यासारखी नजर. बारा वर्षांपूर्वी अमरनाथच्या लग्नात काढलेला. खाली मित्रपरिवाराचे नऊ चेहरे, प्रत्येकाच्या कानाला मोबाईल.

अमरनाथ म्हणजे गौराबाईचा धाकटा भाऊ. बॅनर लावायला त्याला कारण लागत नसे. कुणी टेम्पो घेतला, बॅनर. पुतण्या पहिलीत गेला, बॅनर. एका मित्राच्या जर्सी गाईनं बारा लिटर दूध दिलं तेव्हा त्यानं गाईचं बॅनर लावलं होतं, आणि खाली शुभेच्छुकांत गाईच्या मालकापेक्षा स्वतःचा फोटो मोठा टाकला होता. अशा माणसाला बहिणीनं नोकरीची गोष्ट विश्वासानं सांगितली. पुढं काय होणार होतं?

विरुपाक्ष जीपमधून उतरला आणि अमरनाथला त्याच्या मोबाईल दुरुस्तीच्या टपरीवर गाठलं.

"काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ."

"का वो दाजी? मॅनेजर लिव्हलं म्हनून? तेवढं चालतंय की."

"आरं, म्या रजेवर हाय! गिरणीत कळलं तर बावीस वर्सं मातीत जात्याल."

अमरनाथचा चेहरा उतरला. या बाजूनं त्यानं विचारच केला नव्हता. "पाच महिनं झालं दाजी," तो हळू आवाजात म्हणाला, "जो येतो तो इचारतो, दाजीचं कसं हाय, राहत्यात का जात्यात. ऐकून ऐकून जीव नको झाला. म्हनून लावलं. म्हनलं बघू द्या लोकास्नी, आमचं दाजी उभं हाईत."

यावर रागवायचं तरी कसं? विरुपाक्षानं हात टेकले. बॅनर दुपारपर्यंत उतरलं, पण तोवर त्याचा फोटो गिरणीच्या ग्रुपवर फिरून आला होता. संध्याकाळी फोन आला. उद्या अकराला लेबर ऑफिसरांनी बोलावलंय.

सकाळी निघताना तो गौराबाईला म्हणाला, "खरं काय ते सांगून टाकतो. ट्रायल रूममधी लपायचं त्राण न्हाय माझ्यात." तिनं मान हलवली. आदल्या संध्याकाळपासून ती रडून रडून दमली होती, भांडायला तिच्यातही काही उरलं नव्हतं.

लेबर ऑफिसर इंद्रजित घोगरे नव्या कंपनीबरोबर आलेला तरुण माणूस. विरुपाक्ष रजेवर गेल्यानंतर ते रुजू झाले, त्यामुळे दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. कचेरी वरच्या मजल्यावर. अठरा पायऱ्यांसाठी विरुपाक्ष तीनदा थांबला, आणि दारात पोचला तेव्हा छातीचा भाता असा चालला होता की नावही सांगता येईना. घोगरे उठून उभे राहिले. त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली आणि शिपाई वीरप्पाला पाणी आणायला सांगितलं.

"सावकाश, काका. आधी श्वास घ्या."

वीरप्पानं पाणी आणलं आणि बाजूला उभा राहिला. तो आणि विरुपाक्ष एकाच साली गिरणीला लागले होते, हे घोगऱ्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

घोगऱ्यांनी मोबाईल समोर धरला. फेटा, गाल, मिशी. त्यांनी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा खुर्चीतल्या माणसाकडे, पुन्हा फोटोकडे.

विरुपाक्षानं तोंड उघडलं. 'म्याच हाय' हे शब्द अगदी ओठांवर होते. तेवढ्यात घोगरेच म्हणाले, "भाऊ का तुमचे? नाक तेवढं सारखं वाटतंय."

विरुपाक्षाला भाऊ नव्हता. तीन बहिणींवर झालेला तो एकटाच. त्याच्या डोळ्यांसमोर महेश्वरी आली, पांढऱ्या गणवेशातली. आणि सकाळी गोळा केलेलं सगळं धैर्य निघून गेलं.

"व्हय," तो म्हणाला. "धाकटा."

"मला वाटलंच," घोगरे मोकळेपणानं म्हणाले. "लोकांनी तक्रार केली की हत्तरगे रजेवर असून नोकरी करतायत. मी म्हटलं, आधी माणूस तर डोळ्यांनी बघू. या माणसाला कोण मॅनेजर..." पुढचं त्यांनी गिळलं. "म्हणजे, तुम्हाला आरामाची गरज आहे. काय वीरप्पा, तुम्ही ओळखता ना यांच्या भावाला?"

वीरप्पानं मोबाईल हातात घेतला. उगाच दोन बोटांनी फोटो मोठा केला. बराच वेळ बघत राहिला.

"वळखतो की साहेब," तो म्हणाला. "लई दांडगा गडी. आवाज आयकावा त्येचा."

त्यानं मोबाईल टेबलावर ठेवला आणि खिडकी नीट लावायला म्हणून तिकडे तोंड करून उभा राहिला.

"एक औपचारिकता," घोगऱ्यांनी कोरा कागद पुढे केला. "तुमच्या हातानं लिहून द्या, म्हणजे पुन्हा कुणी बोट दाखवायला नको. फोटोतील इसम मी नव्हे. खाली सही, पूर्ण नाव."

विरुपाक्षानं लिहिलं. फोटोतील इसम मी नव्हे. विरुपाक्ष शिवलिंगप्पा हत्तरगे. अक्षर चांगलं आलं. घोगऱ्यांनी शिक्का मारला, भरपाईचं काम एक तारखेला होऊन जाईल म्हणाले आणि दारापर्यंत सोडायला आले. "भावाला सांगा, तुमच्याकडे लक्ष द्या म्हणावं. घरात असा धडधाकट माणूस असताना तुम्ही एकटे आलात."

"सांगतो," विरुपाक्ष म्हणाला.

वीरप्पानं त्याला दंडाला धरून खाली आणलं. फाटकातून बाहेर पडताना विरुपाक्षाला वाटलं, आपलं काम झालं, आनंद व्हायला पाहिजे. पण घरातलं माणूस स्मशानात पोचवून परत येताना जसं रिकामं वाटतं, तसं वाटत होतं.

घरी आला तर ओसरीवर ते बॅनर पसरलेलं. अमरनाथ आणून टाकून गेला होता. गौराबाई ओल्या फडक्यानं त्यावरची धूळ पुसत होती. मजकूर तसाच ठेवून फक्त चेहरा.

त्यानं सगळं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावून शिवाचं नाव घेतलं, "सुटलो बाई एकदाचं," म्हणाली आणि पुन्हा पुसायला लागली. गालावरून, मिशीवरून, हळूहळू, फडक्याचं टोक ओलं करून.

"टाकून दे की ते," तो म्हणाला.

"का म्हनून? ठेवते नीट गुंडाळून. फोटो किती झाक हाय. असा पुन्ना कुठं मिळायचा?"

"अगं ये, म्या हितं हाय की!"

आवाज एवढा मोठा निघाला की शेजारची बाई दारात आली. पाच महिन्यांत असा आवाज कुणी ऐकला नव्हता. पाठोपाठ खोकला उसळला, आणि तो भिंत धरून खाली बसला. गौराबाईनं फडकं टाकलं, धावत आली आणि त्याची पाठ चोळू लागली.

"हाईसा की," ती म्हणत राहिली. "हाईसा. न्हाय कोण म्हनतंय?"

खोकला थांबला तेव्हा विरुपाक्षाला शिक्का मारलेला तो कागद आठवला. नाही असं लिहून देणारा तो एकटाच होता.