रानचुक्याचं बी

ताईनं माझा हात खसकन ओढला आणि ते सुकं, तांबूस बी माझ्या स्वेटरच्या बाहीवर दाबलं. ते घरंगळून फरशीवर पडलं. तिनं दुसरं दाबलं. तेही पडलं.

"अगं, सकाळी सकाळी माझ्या स्वेटरवर कसले प्रयोग?" मी म्हटलं.

"चिकटत नाही गं." तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "एकही चिकटत नाही."

रानचुक्याचं झाड ओळखायची खूण ताईकडून ऐकून ऐकून माझे कान किटले होते. पानांवर जायचं नाही, पानं फसवतात. बाहेरून आलेला, जिथं तिथं माजलेला चुका असतो, त्याची पानं हुबेहूब तशीच. पण इथल्या मूळच्या रानचुक्याच्या बीला कडेनं बारीक आकडे असतात. कापडाला एकदा धरलं की सोडायचं नाव नाही. बाहेरच्याचं बी गुळगुळीत.

अंगणभर कुंड्या होत्या, त्यातल्या रोपांना आता पहिल्यांदाच बी धरलं होतं, आणि ते सगळं गुळगुळीत!

हे झाड ताईला सापडलं ते भाऊजींमुळे. ते ओढ्यावरचं पाण्याचं दार उघडायच्या-लावायच्या कामावर होते. घरी आले की खुर्चीत बसून मोज्यांतले आकडे उपटायचे आणि त्या झाडाच्या सात पिढ्या उद्धरायचे. ताई उद्यानाच्या रोपवाटिकेत कामाला. तिनं एक आकडा उजेडात धरला आणि म्हणाली, "अहो, शिव्या काय घालताय, हा संपत आलाय." पुढं भाऊजी गेले. ओढ्याचा काठ सिमेंटनं बांधून काढायचं ठरलं, तेव्हा ही बाई कुदळ घेऊन धावली. जुन्या झाडाचं मूळ हातभर खोल होतं, ते तुटलं. म्हणून तिनं त्याच्या पायाशी उगवलेली रोपं उकरून आणली आणि पोटच्या पोरांसारखी वाढवली. उद्या उद्यानाची गाडी येणार होती. नव्या तळ्याच्या काठी ही रोपं लावायची होती.

"तू तर त्या झाडाच्या पायाशीच उकरलंस ना?" मी विचारलं.

"तिथंच माती खाल्ली मी!" ताई मटकन पायरीवर बसली. "त्याचं बी पायाशी पडतं कुठे? ते जाणाऱ्या-येणाऱ्याला धरून लांब निघून जातं. पायाशी होतं ते पाण्यानं वाहून आलेलं. उभा जन्म रोपवाटिकेत गेला माझा, आणि जवळ उगवलंय म्हणजे त्याचंच, असं धरून बसले."

मला ते बघवेना. "जाऊ दे, लावून टाक तसंच. कुणाला कळतंय?"

"ह्यांना कळलं असतं," ती म्हणाली. मग उठली आणि एकेक रोप मुळासकट उपटायला लागली. मी आपली खुळ्यासारखी उभी. हात धरावा तरी कसा? सगळी उपटून झाल्यावर तिनं उद्यानाच्या साहेबांना फोन लावला. "गाडी पाठवू नका. माझी ओळखायला चूक झाली," एवढंच बोलली.

मग ती आत गेली आणि कपाटातली पिशवी घेऊन आली.

त्या पिशवीत भाऊजींचे मोजे होते. शेवटच्या दिवशी ओढ्यावरून आले, खुर्चीत बसून मोजे काढले आणि पुन्हा उठलेच नाहीत. आकडे उपटायचे राहून गेले. ताईनं ते मोजे कधी धुतले नाहीत. सुरुवातीला मी हुज्जत घातली. पण एकदा दाराआडून तिला पिशवीत तोंड खुपसून बसलेली पाहिलं आणि हुज्जत सोडून दिली.

"ताई, नको," मी म्हटलं. "आपण एकेक बी सोडवून घेऊ. मी काढते ना!"

तिनं एक आकडा चिमटीत धरून ओढला. त्याचा भुगा झाला.

"बघितलंस? वाळून गेलेत. ओढलं की बीच फुटतं."

तिनं पसरट कुंडीत भुसभुशीत माती भरली. मोजे नाकाशी धरले, बराच वेळ. मी दुसरीकडे बघत राहिले, पण रडू काही आवरलं नाही. मग तिनं ते मातीवर शेजारी शेजारी अंथरले आणि तळव्यानं हळूच दाबले.

"वर माती?" मी विचारलं.

"नको. त्याला उजेड लागतो."

तिनं झारीनं पाणी घातलं. लोकर काळपट झाली, फुगली, मातीला चिकटून बसली. ताई गुडघ्यावर टेकली आणि वाकून वास घेतला.

"मातीचा येतोय," ती म्हणाली, आणि झारी भरून आणायला गेली.