पारवीचं खोगीर

सिंधूने खोगिराची शिवण दातांनीच उसवली आणि आतला कापूस भसाभसा उपसायला घेतला. आबांच्या मोडक्या मांडीखाली उशी हवी होती. आई म्हणत होती, खोगिराला हात लावू नको, उद्या दुसरं काही बघू. पण घोडीच विकली, तर खोगीर काय पुजायचं?

दसऱ्याला सोनं लुटायला निघालेले तिचे वडील, करणसिंग आबा, वेशीपाशीच पारवीवरून कोसळले होते. अख्खं सारंगखेडा म्हणालं, घोडीने पाडलं. सिंधू मागेच होती. आधी काटकी मोडल्यासारखा आवाज आला, मग आबा पडले, घोडी जागची हललीसुद्धा नाही, हे तिने घसा फोडून सांगितलं. शाळेत पहिला नंबर येतो म्हणून घोड्यांतलंही कळतं होय गं, असं म्हणत बायका हसल्या. आबा गप्प. शिंगरू होती तेव्हापासून सिंधूच्या हातचा गूळ खाल्लेली पारवी दत्ताच्या यात्रेतल्या घोडेबाजारात 'पाडणारी' म्हणून खापर गावच्या टांगेवाल्याकडे गेली.

कापसातून कागद निघाला. धुळ्याच्या डॉक्टरांचा. घरात वाचता येणारी ती एकटीच. गुरुजींच्या शिस्तीप्रमाणे तिने तारखेपासून सुरुवात केली, खणखणीत.

"एकोणीस सप्टेंबर एकेचाळीस. नऊ वर्षांपूर्वी काढलेल्या मूत्रपिंडातला कर्करोग आता मांडीच्या हाडात उतरला आहे. हाड आतून पोखरलं आहे. घोड्यावर बसू नये."

एकोणीस सप्टेंबर. म्हणजे दसऱ्याच्या आधीची चिठ्ठी.

तिने खाटेकडे पाहिलं. आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. आता आई हंबरडा फोडेल म्हणून ती थांबली. पण आई, धनुबाई, कापूस पिंजतच राहिली. एक सरकी निघाली, ती तिने बाजूला ठेवली.

"तुले म्हाईत व्हतं?"

"लोके म्हनतीन, घरमा रोग शे," धनुबाई म्हणाली. "मंग तुन्हं लगन कसं जमी?"

"आनि पारवी?"

"जनावरले कसानी लाज."

पारवीला नेताना सगळ्यांत मोठ्याने शिव्या आईनेच दिल्या होत्या. सिंधूला ते आत्ता आठवलं.

धनुबाईने तिच्या हातातला कागद घेतला, कापसाबरोबर उशीत कोंबला आणि सुई पुढे केली.

"दोरा ओव. माले दिसत नही."

ओवणार नाही, असं सिंधूला म्हणायचं होतं. तिने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. एरवी तीन-तीनदा चुकणारा दोरा आज पहिल्याच खेपेला थेट आत गेला.