दोघांच्या बाकावर एकटी

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. शाळेचा, दोघांनी बसायचा. सध्या जिन्याखालच्या अडगळीत एका मोडक्या फळ्याला टेकून उभा आहे. इथे बोलायला चिटपाखरू नाही, म्हणून तुम्हालाच धरून बसवतो आहे.

सुताराने मला घडवलं तेव्हा माझा एक पाय जरा आखूड राहिला. "दोघं बसली की आपोआप तोल धरेल," असं म्हणून त्याने रंधा पिशवीत टाकला. खोटं नव्हतं ते. दोघं बसली की मी अगदी घट्ट, एकटं कोणी बसलं की कुरकुरत डुलायचो. किती जोड्या आल्या आणि गेल्या! कोणी कर्कटकाने नावं कोरली, कोणी डब्यातलं तेल सांडलं. राग यायचा, पण करमायचंही.

माझी लाडकी जोडी म्हणजे दहावीच्या वर्गातल्या बारकी आणि बडबडी. बारकी गणितात इतकी हुशार, की सर फळ्यावर उदाहरण लिहीपर्यंत हिचं उत्तर तयार. बडबडीचं तोंड मात्र तास संपला तरी चालूच. "अगं बाई, जरा श्वास घे!" बारकी म्हणायची आणि दोघी खुसुखुसु हसायच्या.

त्या वर्षी विद्यापीठाने ठरवलं, की शाळेतल्या फार हुशार मुलांना आधीच आपल्या वर्गात शिकू द्यायचं. बारकीची निवड झाली. काही दिवस तिकडे, उरलेले दिवस इकडे. शाळेने तिला डोक्यावर घेतलं. मुख्याध्यापिकाबाईंनी मला पॉलिश करून पहिल्या रांगेत आणलं आणि वर्गाला बजावलं, "हा मानाचा बाक. ती नसली तरी इथे कोणी बसायचं नाही. आणि बडबडे, तू मागे जा. तिला अभ्यास करू दे." बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं.

पण मग बारकी आली, की सवयीने आपल्या अर्ध्या भागावर बसायची. मी डुलायचो. ती विद्यापीठातलं जाडजूड पुस्तक दुसऱ्या बाजूला ठेवून बघायची. पुस्तकाने कुठला तोल सावरतो? मधल्या सुट्टीत डबाही ती एकटीच खायची. फार वाईट वाटायचं मला.

एका सुट्टीत बाई वर्गात आल्या, तेव्हा ती म्हणाली, "बाई, मला विद्यापीठात नाही जायचं."

"अगं, काय बोलतेस हे? शिकवलेलं कळत नाही का?"

"कळतं. खूप आवडतं. पण तिथे सगळे मोठे ताई-दादा. 'बाळ, जेवलीस का?' विचारतात आणि आपल्या गप्पांत रमतात. इथे यावं, तर इथे मानाचा बाक. मी बोलू कोणाशी?"

"मी तर तुझं कौतुकच केलं गं," बाई हळूच म्हणाल्या.

"हो, बाई," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

बडबडी पाण्याची बाटली भरून दारातून येत होती. बाईंनी तिला जवळ बोलावलं. ती आली, पण गाल फुगवूनच. "हिनेच सांगितलं होतं ना, मला उठवा म्हणून?"

"मी? वेडी आहेस का? तू गेल्यापासून हा बाकसुद्धा नुसता कुरकुरतोय!"

बडबडीने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बाटली दाणकन माझ्यावर आपटली आणि म्हणाली, "सरक."

मी डुलायचा थांबलो.

बारकीने विद्यापीठ सोडलं नाही. परत आली की बडबडी विचारायची, "काय शिकवलं? मला कळणार काही नाही, पण सांग." पुढे दोघी आपापल्या वाटेने गेल्या. वर्गात एकेकट्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी इथे झाली.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी फार पुढे गेलं, तर टाळ्या जरूर वाजवा. पण वाजवून झाल्या, की उठून त्याच्या शेजारी जाऊन बसा. आणि कधी या जिन्याखाली डोकावलात, तर दोघं मिळून या. माझा पाय अजून आखूडच आहे.