दीड मिनिट वाट

"मी सही करणार नाही," वाचनालय सांभाळणाऱ्या कालिंदीताईंनी फॉर्म परत सरकवला.

फणसवाडीतल्या त्या वाचनालयाचा कॉम्प्युटर सकाळपासून अडून बसला होता. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची आणि शेवटी पासवर्ड मागून गाडी थांबायची. दुरुस्तीला आलेल्या वैभवने हात झटकले होते.

"काकू, डिस्क गेलीय. हे लिनक्स उडवतो, फॉरमॅट मारून विंडोज टाकतो. अर्ध्या तासात चकाचक. फक्त सही द्या."

"आणि चौदा हजार पुस्तकांची यादी?"

"ती परत भरावी लागेल."

परत भरावी लागेल म्हणे. ही कालिंदी, दौलत परब या गिरणी कामगाराची बारावी पास मुलगी, काळाचौकीहून रोज येऊन सहा वर्षं ती यादी भरत होती. लिनक्सही वहीत लिहून लिहून शिकली. यादीची दुसरी प्रत ठेवायला वेगळी डिस्क मागितली, तर समितीने दोन वर्षं लटकवलं.

अध्यक्ष वसंतराव हळूच म्हणाले, "कालिंदीताई, हट्ट कशाला? वयही झालं तुमचं. यापुढे वैभव बघतील."

ताईंचं डोकंच सणकलं. "वय माझं झालंय, मशीनचं नाही. आणि डिस्क मेली, तर ही अक्षरं येतायत कुठून? बसा दोघं. चहा घ्या."

त्यांनी मशीन पुन्हा चालू केलं आणि घड्याळ बघितलं. एका ओळीवर मशीन दीड मिनिट थांबलं, मगच रुसलं. म्हणजे ते कोणाची तरी वाट बघत होतं. ताई पडद्यावर बोट ठेवून ओळन् ओळ वाचत गेल्या. एका ओळीत शब्द होता, 'फोटो'.

त्यांना एकदम आठवलं. जुन्या मुखपृष्ठांचे फोटो ठेवलेली ती बाहेरून जोडलेली छोटी डिस्क. चालू होताना मशीन तिलाच शोधत होतं. परवा खंडेनवमीला मशीनची पूजा केली, पण एवढं धूड पाटावर मांडणार कसं? म्हणून त्यांनीच ती डिस्क काढून पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, आणि नंतर उचलून कपाटात ठेवली ती तिथेच राहिली.

कपाटात आपट्याच्या पानांखाली डिस्क होती. ताईंनी कुंकू पुसलं, वायर जोडली, मशीन चालू केलं. या वेळी ते कुठेच थांबलं नाही. यादी उघडली, चौदा हजारच्या चौदा हजार.

वैभव गुपचूप बॅग आवरायला लागला.

"मग चूक कोणाची होती?" वसंतरावांनी विचारलंच.

"माझी. पण माझ्या चुकीसाठी यादी पुसू दिली नसती."

ताईंनी तो फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, 'पूजा मशीनच्या जागीच करावी. डिस्क काढू नये.' खाली ठसठशीत सही केली, बापाच्या नावासकट, आणि कागद टाचणीने सूचनांच्या फळ्यावर लावून टाकला.