ताटाच्या कडेवर चमचा

लेकीनं ताटाच्या कडेवर चमचा वाजवला. टक्.

"चूक. आधी एक झालं, मग दुसरं झालं, म्हणून पहिल्यामुळेच दुसरं झालं असं होत नाही, आई. बाबा गेले आणि बोक्यानं खाणं सोडलं, मान्य. पण त्याचे दातही हलतायत."

"बरं बाई," आई म्हणाली.

बोक्या हा कुत्रा. बाबा तर्कशास्त्र शिकवायचे. नावानं काही सिद्ध होत नाही, हे दाखवायला त्यांनी मुद्दाम ते नाव ठेवलं होतं. जेवताना कुणी लंगडा युक्तिवाद केला तर पकडणाऱ्यानं चमचा वाजवायचा आणि सापडलेल्यानं भांडी घासायची, हा घरचा नियमही त्यांचाच. त्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते. उद्या आई लेकीकडे कायमची राहायला जाणार होती. लेकीच्या इमारतीत कुत्र्यांना बंदी होती. आजच दुपारी दोनला प्राण्यांच्या निवाऱ्याची गाडी बोक्याला न्यायला येणार होती.

"आज कुत्रा नको, उद्या म्हातारी नको," आई म्हणाली.

टक्. "ही घसरगुंडी. एक पायरी उतरलं की माणूस तळालाच जातं असं नाही."

कोपऱ्यातल्या चादरीवर बोक्यानं मान उचलली.

"त्यांनी केलेले त्याचे लाड तुला कधी बघवलेच नाहीत."

टक्. "हे माझ्यावर झालं, मुद्द्यावर नाही. आणि इतका घोर कशाला? ऑफिसातल्या दोघांनी आपली कुत्री त्याच निवाऱ्यात दिली. मस्त रमली. हाही रमेल."

आईनं आपल्या चमच्याला हात लावला नाही. तिनं तो कधीच वाजवला नव्हता.

बोक्या उठला. मागचे पाय ओढत टेबलाशी आला आणि बाबांच्या रिकाम्या खुर्चीवर हनुवटी टेकून उभा राहिला. चमचा वाजला की बाबा त्याला आपला शेवटचा घास द्यायचे. "पंचांचा मान," म्हणायचे.

"त्याला वाटलं, हे आले," आई म्हणाली.

लेकीचा चमचा हवेतच राहिला. आधी आवाज, मग घास; तेरा वर्षांची सवय, बाकी काही नाही. तिनं चमचा ताटात ठेवला, अगदी अलगद, आवाज होणार नाही असा.

आईनं वाकून बोक्याच्या कानामागे खाजवलं.

"जा रे राजा. दोन रमली ना, म्हणजे सगळीच रमतात."

मग ती लेकीकडे बघत थांबली.

लेक उठली. दोन्ही ताटं उचलून तिनं सिंकमध्ये ठेवली, बाह्या सरसावल्या आणि नळ सोडला.

"अगं, तीनदा सापडले ती मी. तू का घासतेस?"

"दोन कुत्र्यांवरून तिसरा ठरवला ती मी," लेक पाठमोरीच म्हणाली.

बाहेर हॉर्न वाजला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. लेकीनं घासून झालेलं ताट परत साबणाखाली घेतलं. तिच्या पाठीमागे, टेबलाच्या पायावर, बोक्याची शेपटी आपटत होती. टक्. टक्.