दोन दालनांमधली घडीची भिंत

मी एक जुनी, लाकडी, घडीची भिंत आहे. देशोदेशीचे प्रतिनिधी जिथे बैठकांना येतात, तिथल्या मोठ्या दालनाचे दोन भाग करायला सुताराने मला बनवले. नवी होते तेव्हा सगळे म्हणत, "काय सुबक काम आहे!" पुढे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

माझ्या एका अंगाला हवामानवाले बसत. त्यांना तापणाऱ्या पृथ्वीची काळजी. दुसऱ्या अंगाला जीवसृष्टीवाले. त्यांना नाहीशा होणाऱ्या पशुपक्ष्यांची. दोघेही आपापले नकाशे माझ्यावरच टोचत. मित्रांनो, भिंतीला कान असतात हे खरे. पण तोंड नसते, याचे दुःख कोणी विचारत नाही. वीस वर्षे मी दोन्हीकडचे ऐकले आणि कोणाशी एक शब्द बोलले नाही.

एका वर्षी हवामानवाल्यांनी घाट घातला: दोन देशांच्या सीमेवरची मोठी दलदल आटवायची आणि तिथे भराभर वाढणारी झाडे लावायची, म्हणजे हवेतला कार्बन शोषला जाईल. त्याच आठवड्यात पलीकडे एक म्हातारे पक्षितज्ज्ञ कळवळून सांगत होते, "दलदलीतलं पाणी हलवू नका हो! पक्षी तर जातीलच, पण हजारो वर्षं चिखलात दडलेला कार्बनही बाहेर पडेल." रोगापेक्षा इलाज भयंकर! पण त्या दलदलीला दोन देशांत दोन नावे होती. इकडे एक नाव घेत, तिकडे दुसरे. जागा एकच, हे फक्त मला ठाऊक होते. दोघांना वेगळे ठेवणारी मीच, म्हणून मला माझीच लाज वाटली.

दलदल आटवण्यावरचे मतदान दुपारी तीन वाजता होते. जेवणाच्या सुट्टीत सफाईवाल्या मावशींनी मला पुसायला दोन्ही अंगांचे नकाशे उतरवले आणि हवामानवाल्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. हवामानवाल्यांच्या दुभाषी बाई तिथेच डबा खात होत्या.

"ताई, हे बघा जरा," मावशी म्हणाल्या. "नावं काही मला वाचता येत नाहीत, पण हे तळं तर एकच दिसतंय."

बाईंचा घास हातातच राहिला.

दुभाष्यांचा नियम कडक असतो. दुसऱ्याचे बोलायचे, पदरचा शब्द घालायचा नाही. तीन वाजता बाई ध्वनिक्षेपकात म्हणाल्या, "आता हे माझं स्वतःचं वाक्य आहे. मतदान थांबवा. याच दलदलीबद्दल भिंतीपलीकडची माणसं बोलताहेत. आधी त्यांना विचारा."

अध्यक्षबाई स्वतः मला बाजूला सारायला उठल्या. माझी चाके गंजली होती. सहा जणांनी ढकलले, तेव्हा एक फळी तडकली. दुखले, पण मन हलके झाले. पलीकडून पक्षितज्ज्ञ आपली खुर्ची उचलून आले आणि हवामानवाल्यांमध्ये बसले. चार दिवस कडाक्याची भांडणे झाली. शेवटी ठरले की दलदल ओलीच राहील, झाडे उजाड झालेल्या डोंगरांवर लावायची, तीही तिथल्याच जातींची, आणि दोन्ही देश मिळून राखण करतील.

तेव्हापासून मी कोपऱ्यातल्या खाचेत घडी होऊन पडले आहे. मावशी निवृत्त झाल्या. नियम मोडला म्हणून दुभाषी बाईंना पुन्हा बोलावणे आले नाही. प्रत्येक बैठकीत मी त्यांचा आवाज शोधते. फार एकटे वाटते.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला वापरा, आमची निगा राखा. माझी विनंती उलटी आहे. उद्या कोणी वैतागून म्हणेल, "फार गलका होतोय, ती भिंत ओढा." तेव्हा मला हात लावू नका. मी एकटीच बरी. तुम्ही मात्र एकत्र बसा.