शाळेमागचा व्हॉल्व्ह

नगरपालिकेत एकोणीस वर्षं रस्त्यांतले व्हॉल्व्ह फिरवून गल्लोगल्ली पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याची उचलबांगडी उद्यान खात्यात झाली, तेव्हा त्याच्या हातून एकच गुन्हा घडला होता. युनियनचा चिटणीस म्हणून त्याने गमबुटांबद्दल पत्र लिहिलं होतं. खात्याने बत्तीस माणसांसाठी बत्तीस जोड घेतले होते आणि सगळेच्या सगळे नऊ नंबरचे. पत्र गेलं सोमवारी, बदलीचा हुकूम आला शुक्रवारी. कारण: ‘प्रशासकीय सोय’. कोणाची, ते हुकमात नव्हतं.

युनियन याला अनुचित कामगार प्रथा म्हणाली, नगरपालिका नित्याची बाब म्हणाली, आणि प्रकरण लवादाकडे गेलं.

बागेवर चावीवाल्याचा राग नव्हता. गुलाब उलट बोलत नाहीत. पण निम्मं शहर एकोणीस वर्षं त्याच्या मनगटाच्या भरवशावर आंघोळ करत होतं, आणि आता तिथे दुसऱ्याचं मनगट होतं, हे त्याला लागलं होतं. त्याला ती चावी परत हवी होती. छातीपर्यंत येणारी, लोखंडी, वर आडवी मूठ असलेली.

अडचण अशी, की स्वतःची केस तो स्वतःच बुडवत होता.

त्याच्या जागी आलेला पस्तिशीचा गृहस्थ आधी कचेरीत झेरॉक्स मशीन चालवायचा, म्हणून त्याचं नावच झेरॉक्स पडलं होतं. व्हॉल्व्ह चाळीस, एकासारखा दुसरा नाही. कोणाला किती फेरे द्यायचे, कोणता उलटा फिरतो, हे कुठल्याही कागदावर नव्हतं. कागद नाही म्हटल्यावर झेरॉक्सचे हातपाय गळाले. पहिल्याच पहाटे त्याने चावीवाल्याला फोन लावला. “काका, तेवढं सांगा. आणि कोणाला बोलू नका हं, मला मेमो मिळेल.” चावीवाल्याने शब्द दिला आणि फेरे सांगितले. तेव्हापासून चार महिने रोज हेच चाललं होतं.

“अहो, तुम्ही फोन उचलूच नका,” बायको म्हणाली. “दोन दिवस नळ कोरडे राहिले की कळेल त्यांना तुमची किंमत.”

“तिसऱ्या गल्लीत बाळंतीण आहे.”

“मग तिसरीपुरतं सांगा.”

“तिसरीची लाइन चौथीला जोडलेली आहे.”

“मग राहू दे चौथीला पाणी. चौथीत आहे कोण एवढं?”

“आपण.”

बायको भांडी आवरायला उठली.

सुनावणी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होती. लवाद म्हणून नेमलेल्या निवृत्त न्यायाधीश बाईंनी सगळ्यांचे फोन एका ट्रेमध्ये काढून ठेवायला लावले. पाणीपुरवठ्याच्या उपअभियंत्यांनी मात्र ‘अत्यावश्यक सेवा’ म्हणून आपला फोन खिशातच ठेवला.

“चार महिन्यांत एक तक्रार नाही,” त्यांनी कोरं रजिस्टर उंच धरलं. “हे काम कोणीही करू शकतो, बाई.”

युनियनची बाजू मांडणाऱ्या वकील ताई चावीवाल्याच्या कानाशी वाकल्या. “एक कोरडा नळ, काका! एक तरी द्यायचात मला!”

चावीवाला चपलेचा अंगठा न्याहाळत बसला. शब्द दिला होता.

मग झेरॉक्स साक्षीला आला. “मी काम व्यवस्थित करतो,” तो पाठ केल्यासारखं म्हणाला. तेवढ्यात उपअभियंत्यांचा फोन वाजला. झेरॉक्स इथे, म्हणून दुपारचं पाणी मीटर वाचणाऱ्याच्या हवाली केलं होतं, आणि शाळेमागे पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत कारंजं उडत होतं. उपअभियंते फोनवर हात ठेवून साक्षीदाराकडे वाकले. “शाळेमागचा किती फेरे रे?”

झेरॉक्सने क्षणाचाही विचार केला नाही. रोजच्या सवयीने तो मागे वळला. “काका, शाळेमागचा?”

“साडेअकरा. उलटे. नववा जड जाईल, पण सोडू नकोस म्हणावं.”

उपअभियंत्यांनी ते शब्द न् शब्द फोनमध्ये सांगितलं.

“थांबलं का कारंजं?” बाईंनी विचारलं.

“थांबलं.”

“छान. मी लिहून घेते. साडेअकरा की अकरा?”

“साडेअकरा,” तिघं एका सुरात म्हणाले.

बाई झेरॉक्सकडे वळल्या. “हे रोज चालतं?”

झेरॉक्सने साहेबांकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि काकांची बाजू घेतली. “रोज नाही, बाई. रविवारचं मी शनिवारी संध्याकाळीच विचारून ठेवतो. त्यांची झोपमोड नको.”

“म्हणजे साहेब,” बाई उपअभियंत्यांना म्हणाल्या, “हे काम कोणीही करू शकतो. फक्त यांना विचारून.”

उपअभियंत्यांनी कोरं रजिस्टर हळूच टेबलाखाली घेतलं. वकील ताई चावीवाल्याकडे अशा बघत होत्या, की त्याला मिठी मारावी की बदडावं, हे त्यांचं ठरत नव्हतं.

“तुम्हाला काही सांगायचंय?” बाईंनी चावीवाल्याला विचारलं.

“झेरॉक्सला मेमो देऊ नये,” तो म्हणाला.

तीन आठवड्यांनी निवाडा आला. बदली युनियनच्या कामाचा राग धरून केलेली, सबब रद्द. चावीवाला मूळ जागी. बूट ज्याच्या त्याच्या मापाचे. चाळीसही व्हॉल्व्हचे फेरे लिहून काढावेत. आणि कोणालाही मेमो नाही.

पहिल्या पहाटे सात नंबरचे बूट घालून चावीवाला शाळेमागे उभा राहिला. चावी खाली बसली, मूठ हातात आली, आणि मनगट आपणहून मोजू लागलं. सहाव्या फेऱ्याला खिशातला फोन वाजला. त्याने तो मान वाकडी करून खांद्याशी धरला.

“काका, मी बागेतून,” झेरॉक्स म्हणाला. “आता इथे टाकलंय मला. या गुलाबांना पाणी किती घालायचं?”

“थांब जरा,” चावीवाला दम लावत म्हणाला. “नववा चालू आहे.”